कोपराला धरून चालवलेला कप्तान

कुवेतमध्ये रग्बी खेळून मी घर चालवलं, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग अनघाकडे. अनघा माझी बायको. जाब्रियाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांच्या नजरेतला हिशेब मला कळतो : घर हिनं चालवलं असणार, हा नुसता खेळला असणार. तो हिशेब अगदीच खोटा नाही, पण पुरता खराही नाही. मला खेळण्याचा पगार मिळत होता. रोज सकाळी जिम, दुपारी झोप, संध्याकाळी मैदान, आणि थंडीच्या मोसमात दर शुक्रवारी सामना. ही माझी नोकरी होती.

इथल्या मराठी लोकांच्या आमच्या मंडळात सगळे इंजिनीअर, बँकेतले, आयटीतले. इथे आलो त्या वर्षी मंडळाची सहल वफ्राच्या एका शेतावर गेली होती. खजुराच्या झाडांखाली सतरंज्या टाकून ओळखी झाल्या. नाव, गाव आणि कंपनी, एवढंच सांगायचं होतं. माझी पाळी आली. म्हटलं, "दत्ता कुदळे, खडकी, पुणे. मी रग्बी खेळतो."

"ते झालं हो," भालेराव साहेब म्हणाले. ते शुऐबाच्या एका प्लांटमध्ये मोठ्या हुद्द्यावर, मंडळाचे तेव्हाचे आणि आताचेही अध्यक्ष. "पण कामाला कुठे आहात?"

सगळे हसले. वाईट मनानं नाही. अनघा पटकन म्हणाली, "कंत्राटदार कंपनीत आहे तो. सेफ्टीला." कागदावर ते खरंच होतं. माझ्या सिव्हिल आयडीवर सेफ्टी सुपरवायझर असंच लिहिलं होतं, कारण रग्बीतला फॉरवर्ड असा हुद्दा कुठल्याच खात्यात नसतो. त्या दिवसापासून कुणी विचारलं की मीही सेफ्टीलाच असायचो. ज्या धंद्यावर पोट भरत होतो त्याचं नाव घ्यायला मी लाजत होतो. पुढे जे झालं त्याच्यापुढे ही लाज काहीच नाही.

आधी धंदा समजावून सांगतो.

रग्बी दोन प्रकारची असते. आमची तेरा जणांची. कंपनीचे मालक, ज्यांना आम्ही अबू फहद म्हणायचो, तरुणपणी इंग्लंडच्या उत्तरेकडे शिकायला होते. तिथल्या पावसात आणि चिखलात हा खेळ बघून ते वेडे झाले आणि परत आल्यावर त्यांनी स्वतःच्या कंपनीचा संघ काढला. आखातात असेच आणखी काही हौशी मालक होते. त्यांच्या संघांची मिळून स्पर्धा व्हायची. मी खडकीत लष्कराच्या मैदानावर जवानांबरोबर खेळत मोठा झालो होतो. अबू फहदांच्या माणसानं मला तिथे पाहिलं आणि इकडे आणलं.

खेळ सोपा आहे. चेंडू हातात घेऊन धावायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. पास द्यायचा तर फक्त मागच्याला. त्यांनी धरून पाडलं की उठायचं, चेंडू पायानं मागे सरकवायचा आणि आपल्यातल्या दुसऱ्यानं तो घेऊन पुन्हा धावायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. मागच्या फळीतली पोरं चपळ असतात, तीच गुण मिळवतात आणि फोटोत येतात. फॉरवर्डचं काम समोरच्या माणसांच्या भिंतीवर जाऊन आदळणं. भिंत थोडी मागे सरकते. पुन्हा आदळायचं. मंडळात कुणी फारच खोदून विचारलं तर मी सांगायचो, मी संघातला जेसीबी आहे.

कधीकधी दोन्हीकडचे सहा-सहा फॉरवर्ड वाकून, खांद्याला खांदा लावून एकमेकांना भिडतात. त्याला स्क्रम म्हणतात. त्यात पुढच्या ओळीच्या मधोमध जो असतो त्याचे दोन्ही हात शेजारच्या दोघांच्या मानेवरून गेलेले असतात. आमच्यात हा मधला माणूस होता तेविता, आणि त्याच्या डाव्या हाताखाली मी. तेविता फिजीचा. तिथल्या उसाच्या गावात वाढलेला, म्हणून त्याला भोजपुरी वळणाची हिंदी यायची. मला तो भैया म्हणायचा. इतकी वर्षं त्याचा हात माझ्या मानेवर होता की त्याला सर्दी झालेली मला त्याच्या आधी कळायची.

चौथ्या मोसमात मला कप्तान केलं. कप्तानानं करायचं काय, तर रेफरीशी बोलायचं, पेनल्टी मिळाली की काय करायचं ते ठरवायचं, आणि पुढची चाल कुठली ते ओरडून सांगायचं. आदळायचं मात्र पूर्वीसारखंच. मला बोलणं फार जमत नाही, पण दमलेल्या पोरांना शेवटच्या दहा मिनिटांत उठवणं जमायचं. त्याचा अभिमान होता. आजही थोडा आहे.

आता त्या सामन्याकडे येतो.

उपान्त्य सामना बहरीनच्या संघाबरोबर होता. मला ड्रेसिंग रूम आठवते. चिकटपट्टीचा वास आठवतो. सुरुवातीला मी एकदा चेंडू घेऊन धावलो आणि त्यांच्या एका आडदांड पोराच्या खांद्यावर डोकं आदळलं, तेही आठवतं. त्यानंतरची पुढची आठवण म्हणजे माझ्या हातात सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचा चषक आहे आणि फोटोवाला मला हसायला सांगतोय.

मधलं काहीच आठवत नव्हतं. आणि ते आठवत नाहीये हेही माझ्या लक्षात आलं नाही. मी हसलो. फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा आणि फुलांचा पाऊस पडला. भालेराव साहेबांनी लिहिलं, "कुदळे, मंडळाला तुमचा अभिमान आहे. अंतिम सामन्याला आपण सगळे जाणार, ढोल घेऊन." इतक्या वर्षांत मंडळातलं कुणी मला खेळताना बघायला आलं नव्हतं. मी तो मेसेज अनघाला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाचताना पहिल्यांदाच वाचतोय अशा थाटात वाचला, हे तिनं मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सगळ्यांना सुट्टी. कंपनी आमचे सामने यूट्यूबवर टाकायची. आमची मुलगी ईरा नववीत आहे. तिनं तो सामना टीव्हीवर लावला. मीच लाव म्हटलं होतं. अनघा आत पोहे करत होती.

थोडा वेळ सगळं ठीक चाललं होतं. मग ती टक्कर झाली. पडद्यावरचा मी पडलो, उठलो, चेंडू मागे सरकवला. पुढच्या चालीला आमची ओळ लागली आणि ईरा म्हणाली, "बाबा, व्हाय आर यू स्टँडिंग विथ देम?"

मी बहरीनच्या ओळीत उभा होतो. पाय फाकवून, हात गुडघ्यांवर ठेवून, अगदी व्यवस्थित, पण त्यांच्यात. त्यांची पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. तेवढ्यात तेविता धावत आला, त्यानं माझं कोपर धरलं आणि एखाद्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून न्यावा तसं मला आमच्या बाजूला आणून उभं केलं. समालोचक हसून म्हणाला, कप्तान आज मानसिक डावपेच खेळतोय.

त्यानंतर मी ओरडायला लागलो. मैदानाच्या कडेच्या मायक्रोफोनमध्ये ते स्वच्छ ऐकू येत होतं. "ए पाटील, मागे जा! पाटील, लाइन सोडू नकोस!" आमच्या संघात फिजीचे, श्रीलंकेचे, लेबनॉनचे लोक होते. पाटील कुणी नव्हता. पाटील खडकीला होता, माझ्या विशीत.

अनघा झाऱ्या हातात घेऊन बाहेर आली. "मागे घे," ती म्हणाली. घरात बोलते तसा तो आवाज नव्हता. "जरा मागे घे, ईरा. हं, इथे थांबव."

तिनं तो भाग तीनचारदा पाहिला. पुढे रेफरीनं कप्तानाला बोलावलं तर मी गेलो, आणि तेविता माझ्यामागे येऊन उभा राहिला. रेफरी माझ्याशी बोलत होता आणि उत्तरं माझ्या खांद्यावरून तेविता देत होता. मी मान हलवत होतो. आणि तरी चेंडू हातात आला की मी नीट धावत होतो, तीन-तीन जणांना घेऊन पुढे सरकत होतो. शरीराला सगळं येत होतं. म्हणूनच चषक मिळाला.

ईरानं रिमोट सोफ्यावर ठेवला. "आय डोन्ट वॉन्ट टू वॉच धिस," म्हणाली आणि आत निघून गेली. स्वतःच्या मुलीनं आपल्याला असं पाहावं, याहून वाईट काय असतं मला माहीत नाही. नशेत कुठे पडलेला सापडलो असतो तर निदान माझं काहीतरी चुकलं होतं असं तरी म्हणता आलं असतं.

अनघा माझ्या शेजारी बसली. आत पोहे करपल्याचा वास यायला लागला तरी उठली नाही.

"मला वाटायचं तू माझं ऐकत नाहीस," ती म्हणाली. "वर्षभर भांडतेय मी तुझ्याशी. ईराला शाळेतून आणायला विसरलास तेव्हा मी तुला काय काय बोलले."

"मग तसंच असेल. मी ऐकत नसेन."

"दत्ता, मी रोज पेशंटच्या घरच्यांना सांगते, अशी अशी लक्षणं दिसली तर थांबू नका, घेऊन या. रोज सांगते." ती रडत नव्हती. तिचा चेहरा मात्र चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता. माझ्या डोक्याची लाज तिला वाटत होती, आणि ती बघून मला आणखी.

मग मी एकट्यानं बसून आधीचे सामने पाहिले. एकदा कळल्यावर दिसायला लागलं. मागच्या मोसमातही तेविताचा हात माझ्या कोपराला होता. कधी तेविता नसेल तर दुसरं कुणीतरी होतं. मी चाल सांगायच्या आधीच पोरं हलत होती, कारण चाल तेविता बोटांनी दाखवत होता. मी ओरडत होतो ते नुसतं ओरडणं होतं. माझं कप्तानपद सगळ्यांनी मिळून वर धरून ठेवलं होतं, आणि ते मी चालवतोय असं एकट्या मला वाटत होतं.

संध्याकाळी मी मंगफला गेलो. तिथे कंपनीच्या इमारतीत संघातली बिनकुटुंबाची माणसं राहायची. तेविता खाली वाळत घातलेले कपडे काढत होता. मला बघितल्याबरोबर त्याला कळलं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

त्यानं टॉवेलची घडी घातली. "मागच्या थंडीपासून, भैया. कतारवाल्यांच्या सामन्यानंतर."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"खेळणाऱ्या सगळ्यांना. मॅनेजरला नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे गेला असतास," तो म्हणाला. "मग मॅनेजरला कळलं असतं. दिलशानचं काय झालं, विसरलास?"

दिलशान आमचा श्रीलंकेचा गडी. त्याचा गुडघा गेला आणि आठवड्याच्या आत त्याचा अकामा रद्द करून त्याला विमानात बसवलं होतं. इथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की माणूस गेला. तेविताच्या हिशेबी त्यांनी मला वाचवलं होतं. माझं कुटुंब इथे आहे, मुलगी शाळेत आहे, म्हणून सगळ्यांनी ठरवून माझं झाकलं होतं.

"माझी बायको इथे नोकरी करते, तेविता. मी तिच्या अकामावर राहू शकतो."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. कसं येणार? बायकोच्या जिवावर राहता येईल, हे मी कधी कुणासमोर बोललो नव्हतो.

"मग आपण उगीचच..." तो म्हणाला आणि त्या कपड्यांच्या ढिगाजवळ खालीच बसला. एवढा मोठा माणूस. "भैया, तुला काही झालं असतं तर?"

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. कुणीतरी आपल्याला वर्षभर लहान मुलासारखं सांभाळलं आणि आपण छाती काढून पुढे चालत होतो, हे कळल्यावर रागाला जागाच उरली नव्हती. मी त्याच्याकडून एकच वचन घेतलं. "यापुढे माझं काही झाकायचं नाही. अडलो तर अडू दे. तू पण नाही आणि बाकीच्यांनी पण नाही." घरी येऊन अनघाकडूनही तेच वचन घेतलं. ती आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "बरं. पण मला ते बघवणार नाही, हे तुला सांगून ठेवते."

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की खेळ बंद, आजपासून. आणखी एक मोठा मार बसला तर काय होईल याची हमी देता येणार नाही. मी मॅनेजरला सांगायला गेलो. तो माणूस वाईट नव्हता, पण अंतिम सामन्याचे फलक छापून झाले होते आणि त्यावर माझा फोटो होता.

"पहिली पाच मिनिटं उभा राहा," तो म्हणाला. "धक्का लागू देणार नाही आम्ही. टाळ्या घे आणि बाहेर ये."

लिहायला लाज वाटते, पण मी हो म्हणणार होतो. मंडळ ढोल घेऊन येणार होतं. इतक्या वर्षांनी भालेराव साहेब मला मैदानावर बघणार होते. बाहेर गाडीत अनघा थांबली होती. तिला येऊन सांगितलं. ती म्हणाली, "पाच मिनिटांत तू त्यांच्या ओळीत जाऊन उभा राहिलास तर? मंडळासमोर?" डॉक्टर जे बोलले त्यानं मी थांबलो नसतो. या वाक्यानं थांबलो. मरणापेक्षा हशाची भीती मोठी निघाली.

अंतिम सामना मी स्टँडमध्ये बसून पाहिला, मंडळाच्या लोकांमध्ये. ढोल होता, बायका नटून आल्या होत्या. संघ मैदानात उतरला. पुढे तेविता होता, कप्तान म्हणून.

"कुदळे, तुम्ही इथे कसे?" भालेराव साहेबांनी विचारलं.

"दुखापत आहे."

त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "कुठे?"

"डोक्याला," मी म्हटलं.

ते काहीतरी विनोद करणार होते, माझा चेहरा बघून थांबले. आम्ही तो सामना हरलो. शेवटच्या दहा मिनिटांत पोरं दमली आणि मी खुर्चीत बसून होतो.

मला वाटलं प्रकरण संपलं. पण भालेराव साहेबांनी अनघाकडून सगळं समजून घेतलं आणि पाडव्याच्या कार्यक्रमात माझा सत्कार ठेवला. मी नको म्हटलं. ते स्वतः घरी आले. म्हणाले, "वफ्राला मी तुम्हाला काय विचारलं होतं ते माझ्या लक्षात आहे. तेव्हा तुम्ही मनावर घेतलंत की नाही मला माहीत नाही, पण मला ते आता बोचतं. या तुम्ही." वयानं मोठा माणूस असा दारात उभा राहिल्यावर नाही कसं म्हणणार?

साल्मियाच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला. गुढी उभारलेली, नाट्यगीतं झालेली, श्रीखंडाचे डबे मागे मांडलेले. संघातले सगळे पहिल्या रांगेत इस्त्रीचे शर्ट घालून बसले होते. खुर्च्या त्यांना लहान होत होत्या. मला शाल दिली, श्रीफळ दिलं आणि माईकसमोर उभं केलं.

मी तयारी केली होती. कागद घेतला नव्हता, मुद्दाम. संघातल्या एकेकाचं नाव घेऊन आभार मानायचे ठरवले होते. घेत गेलो. प्रत्येक जण उठून मान झुकवत होता, लोक टाळ्या वाजवत होते. शेवटचं नाव मी राखून ठेवलं होतं. म्हटलं, "आणि ज्याचा हात इतकी वर्षं माझ्या मानेवर होता, ज्यानं मला वर्षभर कोपराला धरून चालवलं, तो माझा मित्र..."

नाव आलं नाही.

मी त्याच्याकडे बघत होतो. तो समोर बसला होता. चेहरा ओळखीचा, नाकावरचा वण ओळखीचा. उसाचं गाव आठवत होतं, वाळत घातलेले टॉवेल आठवत होते. नाव नव्हतं. हॉलमध्ये आधी लोकांना वाटलं माझा कंठ दाटलाय. कुणी कुणी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्या. मागे एक लहान मूल काहीतरी मागत होतं, तेवढाच आवाज.

अनघा पहिल्याच रांगेत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि हात मांडीवर एकमेकांत गच्च अडकवलेले. ती मला नाव सांगू शकत होती. संघातली सगळी पोरंही सांगू शकत होती. कुणी सांगितलं नाही. मीच त्यांना वचनात बांधून ठेवलं होतं. खाली उतरून सरळ दाराबाहेर जावं असं वाटलं.

मग मी माईकमध्ये म्हटलं, "मला याचं नाव आठवत नाहीये."

मराठीत म्हटलं, तरी तो उठला. त्याला कळलं असणार. त्याच्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी पदर सावरून त्याला वाट दिली. तो स्टेजवर आला नाही, माझ्या कोपराला हात लावायला आला नाही. जागेवरच ताठ उभा राहिला आणि शाळेत हजेरी देतात तसं खणखणीत आवाजात म्हणाला, "तेविता."

"तेविता," मी म्हटलं. आणि पुन्हा जाऊ नये म्हणून आणखी एकदा म्हटलं, "तेविता."